वर्डप्रेसवरचा ब्लॉग ह्यूगोवर हलवला: दर्या, लंगडा ‘व’ आणि वाहक काका

लालडबा | शनिवार, रात्री ११:१०

मंडळी, गेला दीड महिना दर शनिवार-रविवारी जे करत बसलो होतो ते काल रात्री संपलं. म्हणजे संपलं असं मी घरात जाहीर करून टाकलंय. एसटी प्रवासावरचा माझा ब्लॉग वर्डप्रेसवरून उचलून ह्यूगो या साइट बनवणाऱ्या प्रोग्रामवर ठेवला. २००८ पासूनच्या ३८६ नोंदी, अडीच हजारांच्या घरात फोटो आणि १,९०० च्या आसपास प्रतिक्रिया. मागे इथे दोनतीन जणांनी विचारलं होतं म्हणून सविस्तर लिहितोय. इंग्रजीत या विषयावर ढिगाने लेख सापडतात, पण मला जे जे आडवं आलं त्याबद्दल त्यांत अवाक्षर नाही. त्यांना काना-मात्रा-वेलांटी नाहीत, त्यांचं बरं चाललंय.

हलवलं का, ते आधी. होस्टिंगवाले, म्हणजे साइट ठेवायला जागा भाड्याने देणारे (नाव घेत नाही), दर नूतनीकरणाला दर चढवत होते. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिच्या ७.४ आवृत्तीला दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबलं, आणि नवं पीएचपी लावलं की माझी थीम, म्हणजे साइटचं रूपडं, कोसळायची. थीम करणारा माणूस केव्हाच गायब. तरी रेटत होतो. मग यंदा बोरिवली-नाशिक रातराणीच्या नोंदीखाली सट्ट्याच्या साइटचे दोनेकशे दुवे सापडले, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. तीनदा साफ केले, तीनदा उगवले. चौथ्यांदा साफ करायचा कंटाळा आला, हे खरं कारण.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. वर्डप्रेसमध्ये कुणी पान उघडलं की त्या क्षणी पीएचपी चालतं, डेटाबेसातून मजकूर काढतं आणि पान बनवून देतं. स्टॅटिक साइटमध्ये सगळी पानं आपल्याच संगणकावर आधी बनवून मग वर चढवायची. सर्व्हरचं काम फक्त फाइल हातात द्यायचं. तिथे डेटाबेस नाही, लॉगिनचं पान नाही, त्यामुळे सट्टेवाल्यांना शिरायला दार नाही. कल्पना जुनीच आहे, २००१ मधलं मूव्हेबल टाइप असंच करायचं. २००८ मध्ये जेकिल आलं, २०१३ मध्ये ह्यूगो. मी ह्यूगो घेतलं कारण ती एकच फाइल उतरवून घ्यायची असते. जेकिलसाठी रुबी ही प्रोग्रामिंगची भाषा बसवावी लागते आणि माझं रुबीशी पूर्वी एकदा वाजलंय. ३८६ नोंदींची सगळी साइट ह्यूगो माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन सेकंदांत बनवतो.

आता दणके.

पहिला, पत्ते. वर्डप्रेसमध्ये शीर्षक मराठीत दिलं की पत्त्याचा तुकडाही मराठीत बनतो. पण आत साठवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे टक्क्याची खूण (%) असलेले नऊ रोमन वर्ण होतात, आणि डेटाबेसातल्या त्या रकान्यात २०० वर्णच मावतात. भागा नऊने. मराठीच्या वाट्याला येतात बावीस चिन्हं, त्यातही काना, मात्रा, हलन्त (पाय मोडायची खूण) सगळे सुटे मोजायचे. माझी २००९ ची एक नोंद आहे, ‘कोल्हापूर ते वैभववाडी व्हाया गगनबावडा’. तिचा पत्ता इतकी वर्षं ‘कोल्हापूर-ते-वैभववाडी-व्’ असा होता. पाय मोडलेल्या ‘व’वर येऊन गाडी थांबलेली. मला कधी दिसलंच नव्हतं!

नवी साइट पूर्ण शीर्षकावरून पत्ते बनवणार म्हटल्यावर जुने दुवे मेलेच. म्हणून प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर जी माहिती असते (तारीख, शीर्षक वगैरे) तिच्यात जुना पत्ता जसाच्या तसा, लंगड्या व सकट, लिहून टाकला. स्क्रिप्टनेच केलं, हाताने नाही. नव्या नोंदींना मात्र रोमन लिपीतला आखूड पत्ता देणार. दिसायला कोरडा आहे, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की दीड फूट टक्केवारी तरी सांडत नाही.

दुसरा, प्रतिक्रिया. वर्डप्रेसच्या एक्सपोर्ट फाइलीत (मजकूर बाहेर काढायला मिळते ती) नोंदी असतात, प्रतिक्रियाही असतात. (फोटो नसतात, नुसते त्यांचे पत्ते असतात. फोटोंचं फोल्डर वेगळं उतरवा.) ह्यूगोची स्वतःची प्रतिक्रियांची सोय नाही. जो तो म्हणत होता, सोडून दे, कोण वाचतं जुन्या प्रतिक्रिया. मीही सोडणारच होतो. मग गगनबावड्याचीच नोंद तपासायला उघडली. गगनबावड्याहून कोकणात उतरायला दोन घाट, करूळ वैभववाडीकडे आणि भुईबावडा खारेपाटणच्या अंगाला. मी लेखात दोन्हींची अदलाबदल करून ठेवलेली. खाली एका निवृत्त वाहक काकांनी लिहिलं होतं, “बाळ, तू ज्या वळणाचं वर्णन करतोस ते करूळात नाही. तिथे मी २२ वर्षं तिकिटं फाडली आहेत.”

त्यांनी खाली लिहिलंच आहे म्हणून मी लेख कधी दुरुस्त केला नव्हता. प्रतिक्रिया गेल्या असत्या तर माझी चूक तेवढी राहिली असती.

मग बसलो आणि सगळ्या प्रतिक्रिया नोंदवार जेसन (साध्या मजकुरात डेटा ठेवणाऱ्या) फाइलींत काढल्या. ह्यूगो त्या लेखाखाली छापतो. वाचकांचे ईमेल पत्ते आणि आयपी एक्सपोर्टमध्ये येतात, ते आधी काढून टाका, नाहीतर गिटवर (गिट म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी सोय) चढवाल आणि जगजाहीर होतील. नव्या प्रतिक्रियांसाठी सध्या फक्त ‘मेल करा’. गिस्कस ही प्रतिक्रियांची सोय पाहिली होती, ती गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवरच्या चर्चांवर चालते. पण काकांना गिटहबवर खातं उघडायला मी सांगू?

तिसरा दणका अजून निस्तरलेला नाही, तिथे मदत हवी आहे. २००८-०९ च्या ६१ नोंदींत देवनागरीच्या जागी रोमन कचरा येतोय. एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढल्या तर बऱ्याचशा सरळ होतात, पण भोकं पडतात. ‘मुक्काम पोस्ट’ चं ‘म?क?काम पोस?ट’. ‘झाडी’ चा झ जातो. ‘पुणे’ चा उकार जातो, पण ‘कोल्हापूर’ चा दीर्घ ऊकार शाबूत. यात काही तर्क आहे का कुणाला दिसतोय?

चिवडा | शनिवार, रात्री ११:३२

पुढच्या रांगेत येऊन बसलोय. लंगड्या व ला जाहीर पाठिंबा.

आप्पा_दापोली | रविवार, सकाळी ६:४५

एवढा खटाटोप कशासाठी? मी २००७ पासून गूगलच्या ब्लॉगरवर लिहितो. एक दमडी दिली नाही, काही मोडलं नाही, सट्टेवाले आले नाहीत. तुम्हा संगणकवाल्यांना लिहिण्यापेक्षा टेबल बदलण्यात रस. टेबल बदललं की चार दिवस त्याच टेबलावर बसून टेबलाविषयीच लिहिता.

लालडबा | रविवार, सकाळी ८:१५

आप्पा, लागलं. दीड महिन्यात एक ओळ नवी लिहिलेली नाही हे खरंच आहे.

दूरदेशी | रविवार, सकाळी ८:५०

आप्पा, तुमचं चाललंय ते ब्लॉगर चालू आहे तोवर. फुकट पानं देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, पोस्टरस ही ब्लॉगसेवा २०१३ मध्ये. दोन्ही त्या त्या काळी ‘कुठे जातंय’ याच वर्गातले होते. ब्लॉगर उद्या बंद पडेल असं मी म्हणत नाही, पण सहा महिन्यांतून एकदा बॅकअपचं बटण दाबायला काय हरकत आहे?

आप्पा_दापोली | रविवार, सकाळी ९:०५

बटण कुठे आहे ते सांगा. दाबतो.

दूरदेशी | रविवार, सकाळी ९:२०

सेटिंग्जमध्ये बरंच खाली, ‘ब्लॉग व्यवस्थापित करा’ या भागात. बॅकअपची फाइल उतरेल. तीत नोंदी आणि प्रतिक्रिया असतात.

शून्यबाइट | रविवार, सकाळी १०:४०

लालडबा, तर्क आहे आणि तो फार देखणा आहे. चहा घेऊन बसा.

यूटीएफ-८ या हल्लीच्या संकेतपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. तुमच्या जुन्या डेटाबेसाला कुणीतरी सांगून ठेवलंय की आतला मजकूर लॅटिन-१ या युरोपीय भाषांच्या जुन्या संकेतपद्धतीत आहे, म्हणून तो त्या तीन बाइटांकडे तीन सुटी युरोपीय अक्षरं म्हणून बघतो. कचरा नीट पाहा. दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए असेल. तो देवनागरीचा पहिला बाइट. त्याला लागून एकतर चार मिशा फुटलेला गोल (ते चलनाचं सर्वसाधारण चिन्ह) किंवा जपानी येनचं चिन्ह. तो दुसरा बाइट. खरं अक्षर कोणतं ते तिसऱ्या बाइटावर ठरतं.

आता तुमचा कन्व्हर्टर. तो हे उलट फिरवताना विंडोज-१२५२ नावाचं कोष्टक वापरत असणार, बहुतेक सगळे तेच वापरतात. त्या कोष्टकात पाच घरं रिकामी आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी (हे बाइटांचे सोळाच्या पटीतले क्रमांक, म्हणून मध्ये अक्षरं). ज्या चिन्हाचा तिसरा बाइट या पाचांत पडला त्याला घरच नाही, ते गळालं. मराठीचं नशीब बघा, ८डी म्हणजे हलन्त. सगळी जोडाक्षरं तिथेच मेली. ८१ म्हणजे ऱ्हस्व उकार, आणि चंद्रबिंदूही. ८एफ म्हणजे ए, ९० म्हणजे ऐ, ९डी म्हणजे झ. दीर्घ ऊकार ८२ वर आहे आणि ते घर भरलेलं आहे. म्हणून पुणे गेलं, पूर राहिला.

दिलासा असा की तुमचा डेटाबेस चालवणारं मायएसक्यूएल ज्याला लॅटिन-१ म्हणतं त्यात ही पाच घरं रिकामी नसतात, तिथे नियंत्रणवर्ण बसवलेले असतात. म्हणजे मूळ डेटाबेसात तुमचा हलन्त जिवंत आहे. एक्सपोर्टची एक्सएमएल विसरा, वाटेत काय काय गळलं असेल सांगता येणार नाही. थेट डेटाबेसाचा डंप (अख्खी प्रत) घ्या आणि घेताना वर्णसंच लॅटिन-१ असाच सांगा, म्हणजे मायएसक्यूएल मध्ये रूपांतर करायला जाणार नाही, बाइट जसेच्या तसे बाहेर येतील. ती फाइल नंतर यूटीएफ-८ म्हणून उघडा. डोळ्यांनी आधी एक नोंद तपासा, मग सगळ्या ६१.

जुनं होस्टिंग अजून बंद केलं नाहीत ना?

लालडबा | रविवार, सकाळी ११:०२

नऊ दिवस होते, आता आठ उरले. हात जोडतो. संध्याकाळी बसतो.

चिवडा | रविवार, सकाळी ११:१०

पुणे गेलं, पूर राहिला! नदीकाठच्या सोसायटीतून वाचतोय, जरा हळू.

आणि लालडबा, शुक्रवारी रात्री माझ्या फीडरीडरात (ब्लॉगांच्या नव्या नोंदी दाखवतो तो) अचानक ३८६ न वाचलेल्या नोंदी आल्या. मी म्हटलं या माणसाने नोकरी सोडली की काय. तो प्रताप तुझाच ना?

लालडबा | रविवार, सकाळी ११:२५

माझाच. क्षमस्व. वर्डप्रेसचं फीड शेवटच्या दहाच नोंदी देत होतं. ह्यूगोला मर्यादा घालून दिली नाही तर तो सगळ्या देतो, २००८ पासूनच्या. शिवाय प्रत्येक नोंदीची फीडमधली ओळख वर्डप्रेस आपल्या अंतर्गत क्रमांकावरून ठरवतं, ह्यूगो पत्त्यावरून. त्यामुळे रीडरला सगळंच नवं वाटलं. आता मर्यादा वीसवर आणली आहे आणि जुन्या फीडचा पत्ताही नव्याकडे वळवलाय. हलवणाऱ्यांनी हे चढवण्याच्या आधी करावं. मला नंतर सुचलं.

पोळपाट | रविवार, दुपारी २:३०

मी अगदीच अडाणी आहे यातली, पण धागा वाचून धास्तावले. माझा स्वयंपाकाचा ब्लॉग २०१० पासून ब्लॉगरवर आहे. सातशेच्या वर पाककृती. माझ्या सगळ्या पत्त्यांत ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे आकडा असं का असतं? थालीपीठ शोधायचं तर मलाच कळत नाही कुठला आकडा. आणि मीपण हलवू का? मी सगळं फोनवर लिहिते, गॅसजवळ उभं राहून.

दूरदेशी | रविवार, दुपारी ३:१५

ताई, ब्लॉगर पत्ता बनवताना शीर्षकातली फक्त रोमन अक्षरं आणि आकडे उचलतो. शीर्षक सगळंच देवनागरीत असेल तर हाती काही उरत नाही, मग तो ‘ब्लॉग-पोस्ट’ ठोकून देतो. त्याच महिन्यात दुसरी नोंद आली की मागे आकडा. प्रकाशित करण्याआधी उजवीकडे पत्ता स्वतः लिहायची सोय आहे, तिथे रोमनमध्ये थालीपीठ लिहा. जुन्यांना हात लावू नका, लोकांनी खुणा करून ठेवल्या असतील.

फोटोंचं मात्र आजच बघा. ब्लॉगरवरच्या फोटोच्या पत्त्यात मध्येच ‘एस ३२०’ किंवा ‘एस ६४०’ असं काहीतरी असतं, ती फोटोच्या लांब बाजूची मर्यादा. तोच पत्ता तसाच उतरवला तर टपाल तिकिटाएवढा फोटो हाती येतो. त्या जागी ‘एस ०’ केलं की तुम्ही चढवलेल्यातला सगळ्यात मोठा मिळतो. मी हे न बघता एकदा सगळा ब्लॉग उतरवला होता, पुन्हा करावं लागलं.

लालडबा | रविवार, दुपारी ४:००

पोळपाटताई, माझं ऐकाल तर हलवू नका. गॅसजवळ उभं राहून लिहिता ना, तीच तुमची पद्धत. स्टॅटिक साइटवर एक पाककृती टाकायची म्हणजे मार्कडाऊनमध्ये (साध्या खुणांच्या मजकुरात) फाइल लिहा, फोटो बारीक करा, गिटमध्ये ढकला, साइट बनेपर्यंत थांबा. गिटहबच्या पानावरून फोनवरही होतं, पण उकडीच्या हातांनी नको.

त्यापेक्षा एक करा, स्वतःचं डोमेन (आपल्या नावाचा वेबपत्ता) घ्या आणि ब्लॉगरला जोडा. ब्लॉगस्पॉटचे (ब्लॉगरने दिलेले) जुने पत्ते आपोआप तिकडे वळतात. पुढेमागे हलवायची वेळ आलीच तर पत्ता तुमच्या हातात असेल. आज नुसत्या ब्लॉगस्पॉटवरून निघालात तर मागे राहिलेल्या दुव्यांचं फारसं काही करता येत नाही.

पोळपाट | रविवार, दुपारी ४:२०

हुश्श. नातवाला सांगते. आणि तुमच्या वाहक काकांचं वाचून आठवलं, माझ्या पुरणपोळीखाली एका बाईंनी कणीक भिजवण्याचं लिहिलंय ते मूळ कृतीपेक्षा चांगलं आहे. मीसुद्धा आता तसंच करते. ती प्रतिक्रिया गेली तर माझी पंचाईत.

मुद्राराक्षस | रविवार, रात्री ९:५०

साइट पाहिली. वेग उत्तम. पण पहिल्याच पानावर तीन ठिकाणी ठेच लागली. ‘दुसर्या दिवशी’, ‘पायर्या उतरून’, आणि आंबा घाटाच्या नोंदीत ‘दोन्ही बाजूंना खोल दर्या’. आंबा घाटात समुद्र कधी आला? दऱ्यांचा दर्या केलात की हो.

हलवताना मजकूर ‘स्वच्छ’ करणारी काही स्क्रिप्ट चालवलीत का?

लालडबा | रविवार, रात्री १०:०५

चालवली. वर्डप्रेसच्या मजकुरात कुठून कुठून चिकटवलेली अदृश्य चिन्हं होती, ती काढायला.

मुद्राराक्षस | रविवार, रात्री १०:३०

तिथेच घात झाला. मराठीतला तो आडवा, दऱ्या-पायऱ्यांमधला र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, र, हलन्त आणि त्यापुढे एक शून्य रुंदीचा अदृश्य जोडक. दोन, खाली नुक्ता (टिंब) असलेला ऱ आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखेच. जुन्या काळचं बरंच टंकन पहिल्या प्रकारचं. तुमच्या स्क्रिप्टने जोडक केर म्हणून काढला, मग उरला साधा र आणि हलन्त. त्याचा रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसला.

आता आहे त्या मजकुरात ‘र्य’ दिसेल तिथे ‘ऱ्य’ अशी सरसकट बदली करू नका. सूर्य, कार्य, आचार्य, मर्यादा सगळे आडवे होतील. मूळ मजकुराकडे परत जा. आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांची बदली ‘ऱ, हलन्त’ अशी करा. मगच स्वच्छता. ‘र्‍ह’ साठीही हेच. ‘ऱ्हस्व’ तपासा.

आलोच आहे तर आणखी दोन. तुमच्या पानाच्या मुळाशी भाषा इंग्रजी लावलेली आहे, थीमबरोबर तशीच आली असेल. ती मराठी करा. काही देवनागरी फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, ते भाषेची खूण पाहूनच येतात. नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. आंधळ्या वाचकांच्या वाचनयंत्रालाही कोणत्या उच्चारात वाचायचं ते त्याच खुणेवरून कळतं. आणि शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलंय ते काढा. रोमनला शोभतं, आपली शिरोरेषा मध्येच तुटते.

चिवडा | रविवार, रात्री १०:३६

‘आंबा घाटात खोल दर्या’ असाच ठेवा. एसटीची नवी बोट सेवा.

दूरदेशी | सोमवार, पहाटे ५:१०

(इथे संध्याकाळ आहे.) शोधाचं काय केलंत? मी जेकिलवर असताना लनर हे शोधयंत्र लावलं होतं. इंग्रजी शब्द सापडायचे, मराठी एकही नाही. दोन दिवस डोकं आपटल्यावर कळलं की ते शब्दाच्या दोन्ही टोकांची ‘अक्षर नसलेली’ चिन्हं छाटतं आणि त्याच्या लेखी अक्षर म्हणजे रोमनच. देवनागरी शब्द दोन्हीकडून छाटत छाटत शून्यावर यायचा. अनुक्रमणिकेत माझ्या आठ वर्षांच्या लिखाणाची जागा रिकामी होती.

लालडबा | सोमवार, सकाळी ७:३०

मी पेजफाइंड हे शोधयंत्र लावलंय. साइट बनवून झाली की ते पानं वाचून अनुक्रमणिका बनवतं, आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये लागेल तेवढाच तुकडा उतरतो. देवनागरी शब्द नीट सापडतात. सुरुवात जुळली तरी चालतं, म्हणजे ‘घाट’ टाकलं की घाटात, घाटातून, घाटाचा सगळे येतात. पण ‘रस्ता’ टाकून ‘रस्त्यात’ येत नाही, ‘डबा’ टाकून ‘डब्यात’ येत नाही. सामान्यरूप कुठल्या यंत्राला कळतं म्हणा. शोधाच्या खिडकीखाली ‘शब्द अर्धवट टाकून पाहा’ असं लिहून ठेवलंय. एवढ्यावर भागवलं.

शून्यबाइट | सोमवार, सकाळी ९:१५

ठेवलंय कुठे? गिटहबच्या फुकट होस्टिंगवर, गिटहब पेजेसवर का? तिथे साइट १ जीबीच्या आत हवी आणि खरी वळणं (जुन्या पत्त्यावरून सर्व्हरनेच नव्याकडे पाठवणं) देता येत नाहीत. ह्यूगोची टोपणपत्त्यांची सोय तिथे चालते, पण ती ‘पान उघडा आणि लगेच तिकडे जा’ या प्रकारची.

लालडबा | सोमवार, सकाळी ९:४०

म्हणूनच क्लाउडफ्लेअर पेजेस. तिथे फुकट योजनेत २०,००० फाइलींची आणि प्रत्येक फाइल २५ एमबीची मर्यादा आहे. माझं सगळं त्यात बसतं. वळणं एका साध्या मजकूर फाइलीत लिहायची, डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. फोटो सगळे १,६०० पिक्सेल रुंदीवर आणले. खर्च उरला फक्त डोमेनचा.

लालडबा | गुरुवार, रात्री १०:५५

हालहवाल.

शून्यबाइटनी सांगितलं तसा डंप घेतला. पहिली नोंद उघडली आणि वरच ‘मुक्काम पोस्ट’ अख्खं. बायकोला उठवून दाखवलं, तिला काय दिसायला हवं होतं ते तिला कळलं नाही. ६१ च्या ६१ नोंदी परत आल्या. झाडीला झ आला.

मुद्राराक्षस, दऱ्या पुन्हा दऱ्या झाल्या. मूळ मजकुरात तो आडवा र २,१०० च्या वर ठिकाणी होता, त्यातले पंधरा-सोळाशे जुन्या पद्धतीचे. तुम्ही ओरडला नसतात तर मला दिसलं नसतं, वाचताना डोळा आपोआप सुधारून घेतो. भाषेची खूणही बदलली, आणि ल खरंच वेगळा दिसतोय! इतकी वर्षं मी हिंदी ल मध्ये लालडबा लिहीत होतो.

एवढं होऊन आज हात झटकून बसणार, तर दुपारी मेल आली. वाहक काकांची. नातवाच्या फोनवरून, रोमन लिपीतल्या मराठीत. नवं रूप आवडलं, अक्षर मोठं केलंत ते बरं केलंत, वगैरे. आणि मग, आंबा घाटाच्या नोंदीतला तिसरा फोटो आंबा घाटाचा नाही. तो भुईबावड्याचा आहे. कठडा बघ म्हणे.

कठडा बघितला. काका बरोबर. पण मूळ नोंदीत तो फोटो नव्हताच! जुनी साइट उघडून पाहिली, तिथे साखरप्याच्या थांब्याचा फोटो आहे.

कारण असं. वर्डप्रेस फोटो वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरांत ठेवतं. मी नीटनेटकेपणाच्या हौसेने सगळे एकाच फोल्डरात ओतले होते. माझा तेव्हाचा कॅमेरा कार्ड बदललं की पुन्हा एकपासून मोजायचा. त्यामुळे २००९ च्या मे मधला १४२ नंबर आणि नोव्हेंबरमधला १४२ नंबर एकाच नावाचे, आणि एक दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसला. जुन्या फोल्डरांत फोटो मोजले तर २,४३१. नव्यात २,३८८. म्हणजे ४३ जागी दुसऱ्याच गावाचा फोटो लागलाय, आणि १,९०० प्रतिक्रिया लिहिणाऱ्यांपैकी एका माणसाला तो दिसला.

होस्टिंगचे चार दिवस आहेत. फोल्डरं आता जशीच्या तशी, वर्ष-महिन्यासकट, उतरवतोय. सध्या २०११ चालू आहे.

काकांची प्रतिक्रिया देवनागरीत करून हाताने जेसन फाइलीत टाकली, आंबा घाटाखाली दिसेल. मेलच्या शेवटी त्यांनी विचारलंय की पूर्वी खाली एक ‘पाठवा’ असं बटण असायचं ते कुठे गेलं, त्यांना सापडत नाहीये. काय उत्तर लिहू?